आकाशी रंगाखालची भुई

पालेगावात हरिचंद्रकडे कोणी आलं की वेणू चुलीपुढून न उठताच सांगते, “आंब्याखाली बघा. पाय दिसतील.”

आंब्याखाली जुनी पांढरी व्हॅन उभी असते आणि तिच्या दारातून खरंच दोन पाय बाहेर आलेले असतात. बाकीचा हरिचंद्र आत, पुढची सीट उचलून, तिच्याखालच्या इंजिनाशी बोलत असतो. या गाडीचं इंजिन बसणाऱ्याच्या बुडाखालीच. थंडीत शेगडी, उन्हाळ्यात शिक्षा. पण हरिचंद्रला ते पसंत. काळीज मांडीखाली धडधडत असलं की तिला काय दुखतं ते वेगळं विचारावं लागत नाही, असं त्याचं म्हणणं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो डोळे मिटून घेतो. ऐकतोय की झोपलाय, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही वेणूला कळलेलं नाही. बहुधा दोन्ही.

कारखान्यातली फिटरची नोकरी सुटल्यावर याच व्हॅनमधून त्याने शाळेची पोरं नेली, अंबरनाथ पश्चिमेच्या बाजारात भेंडी नेली, महाशिवरात्रीला शिवमंदिराकडे पाहुणे कोंबून नेले. भाताच्या खाचरांवर बिल्डिंगा उभ्या राहिल्या, आंब्याखालचा तुकडा तेवढा त्याने धरून ठेवला. दुपारी मधल्या सीटवर आडवं झालं की बिल्डिंगा दिसत नाहीत. खिडकीत फक्त पानं हलतात. मग हरिचंद्रला वाटतं, बाहेर अजून पाणी भरलेलं शेत आहे आणि आपण होडीत आहोत.

त्या दिवशी मात्र आडवं व्हायला सवड नव्हती. संध्याकाळी लेकीची, रिद्धीची, हळद होती आणि बनूआत्येला आणायचं होतं.

बनूबाई म्हणजे हरिचंद्रची आत्या, बदलापूरच्या पलीकडे नदीकाठच्या गावात राहणारी धवलारीण. आगऱ्यांच्या घरात धवलारणीने धवले, म्हणजे विधींची गाणी, गायल्याशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत नाही. हरिचंद्रच्या लग्नातही तीच गायली होती. आता तिचं वय झालं, आवाज तेवढा शाबूत होता. पण एसीच्या गाडीत ती पाय ठेवायची नाही. “त्या बंद डब्यात माझा गला बसतं,” म्हणायची. हरिचंद्रची व्हॅन, मधली सीट, दोन्ही खिडक्या उघड्या, तरच येणार.

आणि व्हॅन चालू होत नव्हती.

नुसती बंद पडली असती तर समजलं असतं. तिला भलतंच काही झालं होतं. ब्रेक दाबला की इंडिकेटर डोळा मिचकवायचा. वायपर लावावा तर हॉर्न कण्हायचा. किल्ली फिरवली की खालून एकदा ‘टक्’ व्हायचं आणि सगळे दिवे हळूहळू मिटायचे, झोप अनावर झालेल्या पोरासारखे.

“दृष्ट लागली तिला,” वेणू म्हणाली. तिने मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. “लग्नघरात सगळ्यांची काढली, हिचीच राहिली होती.”

“आई, तिची दृष्ट नाय, एक्सपायरी झालीय,” अमित मांडवातून ओरडला. हा थोरला मुलगा, बापाच्या गाडीला वैतागलेला. “बाबा, आपलं ठरलंय हां. आज बनूआजीला घेऊन आली तर राहू दे तुमची गाडी. नायतर उल्हासनगरच्या भंगारवाल्याला फोन केलाय मी. दुपारी येतो बोललाय.”

“येऊ दे. त्याला जेवून जा म्हणावं.”

“बाबा, मस्करी नाय करत मी.”

“मी कुठं करतोय? हळदीचं जेवण आहे.”

बोलला खरा, पण हरिचंद्र लगबगीने पुन्हा व्हॅनमध्ये शिरला. त्याने फ्यूज बघितले. शेजारच्या बबनच्या टेम्पोची बॅटरी आणून लावली. स्टार्टरला हातोडीने हलकेच ठोकलं. टक्. पुन्हा टक्.

तेवढ्यात फोन वाजला.

“हरी, कवा येतंस? मी न्हाऊन बसलंय.”

“आत्ये, गारी रुसली.” आत्येशी बोलताना त्याची गाडी आपोआप गारी व्हायची.

“कं झालं तिला?”

त्याने सगळं सांगितलं. एकाला हाक मारावी तर दुसराच ओ देतो, असं झालंय म्हणाला.

“सगल्यांना इचारलास. भुईला इचारलास कं?”

“म्हंजे?”

“अरं, मांडवाची मेढ पुरताना पयलं भुईला इचारतात. धवला पयला तिचा. तिला इसरलं का घरात कुनाचं कुनाला कलत नाय. म्हातारा झालास, तरी मीच सांगू?” आणि फोन ठेवला.

हरिचंद्र मधल्या सीटवर बसला. खिडकीत पानं हलत होती. मांडवातली हलगी कोणीतरी तापवून बघत होतं, तो आवाज लांबून पाण्यावरून यावा तसा येत होता. डोळे कधी मिटले कळलं नाही. आपला बाप धर्मराज खाचराच्या बांधावर फावडं घेऊन उभा दिसला. वरच्या खाचरातलं पाणी खाली सोडायची वाट चिखलाने बुजली होती, आणि पाणी बांध फोडून भलत्याच्याच शेतात शिरत होतं. बाप त्याच्याकडे न बघता म्हणाला, “पाणी खुळं नसतं रे. वाट बुजवलीस तर ते काय करेल?”

हरिचंद्र ताडकन उठला. “अर्थ!”

“कसला अर्थ?” हळदीचं ताट घेऊन चाललेली वेणू थबकली.

“गाडीचा अर्थ गं! अर्थिंग! बॅटरीतली वीज दिव्यापर्यंत तारेने जाते, पण परत येते ती गाडीच्या पत्र्यातून. पत्रा म्हणजे तिची भुई. ती वाट बंद झाली की वीज दुसऱ्याच्या दारात शिरते.”

“आणि वाट कोणी बंद केली?”

हरिचंद्रने खिडक्यांकडे बघितलं. लग्नघर म्हणून घराच्या खिडक्यांना त्याने आकाशी ऑइलपेंट मारला होता. थोडा उरला. लग्नघरात उरलेला रंग कोणी फेकतं का? त्याने तुळशीच्या कट्ट्याला मारला, पाटाला मारला, आणि बॅटरीखालचा गंजलेला पत्राही मोठ्या मायेने आकाशी करून टाकला. मग त्या रंगावरच अर्थच्या वायरीचा बोल्ट आवळला होता. काही दिवस गाडी कशीबशी चालली, आणि नंतर हे.

“तरी म्हटलं,” वेणू म्हणाली, “माझी मीठ-मिरची फुकट का गेली. घरच्याच माणसाची दृष्ट ती.”

बोल्ट निघाला. हरिचंद्रने पॉलिश पेपरने पत्रा घासला. आकाशी रंगाचे पापुद्रे गळत गेले आणि खालून रुपयासारखा लखलखीत पत्रा वर आला. त्याने त्यावर उगाच अंगठा टेकवला. मग वायर बसवली, बोल्ट आवळला, किल्ली फिरवली.

सीटखालचं काळीज धडधडायला लागलं.

अमित मागे दोर घेऊन बसला. “वाटेत बंद पडली तर ओढायला,” तो म्हणाला. बदलापूरपर्यंत त्याने मागून येणाऱ्या गाड्यांकडे आशेने बघितलं. परतताना मात्र खिडक्या उघड्या होत्या, उन्हात उबदार वारा होता, आणि बनूआत्ये मधल्या सीटवर हळूच गात होती. भुईचा धवला. एकेका बिल्डिंगीपुढून जाताना ती तिच्याखालच्या शेताचं नाव गाण्यात गुंफत होती: वडाचं खाचर, मोठी पट्टी, पाणथळ. हरिचंद्रला वाटलं, बिल्डिंगा किंचित वर उचलल्या जातायत, आपल्या सीटसारख्या, आणि खाली सगळं जागच्या जागी आहे.

आरशात बघितलं तर अमित दोर उशाला घेऊन झोपला होता, शाळेतून येताना झोपायचा तसा.

त्याचा फोन वाजला. डोळे न उघडताच त्याने कानाला लावला.

“हां भाई... गाडी? नाय, गाडी तो बाहर गयी है.” तो कुशीवर वळला. “नाय नाय, शाम को भी नाय मिलेगी. शाम को आप ही आ जाओ. खाना है.”