धुरा वाकडा काहून?

दिवाळी झाली की सोयाबीन निघून जातं, तुरी पिवळ्या होतात आणि मी इंझोरीकडे फोटो काढायला जातो. ते आडवं रान एका फोटोत मावत नाही. म्हणून स्टँड न लावता, जागेवरच वळत मी ओळीनं फोटो घेतो आणि मोबाइलवर जोडतो.

त्या दिवशी दोन वावरांमधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, एक माणूस आला. कानाला मफलर, हातात विळा. त्यानं नाव सांगितलं नाही, माझंही विचारलं नाही. माझा मोबाइल घेतला आणि जोडलेला फोटो बोटानं सरकवत पाहिला.

"धुरा वाकडा काहून आला जी?"

"जोडताना सरळ रेघ वाकते, आपल्याकडे फुगते."

"माह्या भावाच्या वावरातून काढला ना तुमी. धुरा त्याच्यात घुसला. मीच त्याचं वावर दाबलं, असं दिसून राह्यलं."

याच धुऱ्यावरून दोघा भावांचं बोलणं बंद होतं. त्यानं मला दंडाला धरून आपल्या वावरात उभं केलं. मी पुन्हा फोटो घेतले, जोडले. आता धुरा ह्याच्याच वावरात घुसला.

"हा बराबर आला."

मी समजावलं की ज्याच्या वावरात उभं राहावं, त्याचंच दाबलेलं दिसतं. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं, मान हलवली.

"समजलं. मंग तो पयला डिलीट मारा."

मी मारला. त्याचा भाऊ मला कधी भेटला नाही. भेटला असता, तर दुसराही गेला असता.