पाण्याची पाळी आणि हसरे चेहरे

मंडळी, आज माझं डोकं फिरलंय.

लाखनीजवळच्या आमच्या गावात शेताला तलावाचं पाणी मिळण्याची पाळी मोबाइलच्या ॲपवर कळते. ॲप उघडताना क्षणभर दिसणारं चित्र, म्हणजे स्प्लॅश स्क्रीन, तेवढी त्यात नव्हती. ॲप बनवणारी मुलगी म्हणाली, धानाची एक लोंबी पुरे. पाणी समितीने मात्र चौकातल्या फ्लेक्ससारखे सगळ्या सदस्यांचे मोठे मोठे फोटो त्यावर लावून घेतले.

आज सकाळी ताराबाई जुना फोन घेऊन माझ्या दारात आल्या. ॲप फोटोंवरच अडकलं होतं.

"बाई, हे सारे मले पाहून हासून राहिले. माही पाळी कवा हाये, ते कोणीच सांगून नाही राहिला!"

माझ्या फोनवर पाहिलं. त्यांची पाळी पहाटेच होऊन गेली होती.

मी लगेच अध्यक्षांना फोन लावला. "ते फोटो आजच्या आज काढा."

"मॅडम, एकाचा काढला तं तो नाराज होईन."

"मग सगळ्यांचे काढा!"

"मंग तं सारेच नाराज होतीन."

ताराबाईंच्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, भेगा पडल्या आहेत आणि पुढच्या पाळीला अजून आठवडा आहे. तुम्हीच सांगा, त्या भेगांवर कोणाचा फोटो लावू?