आबांच्या दोन गोळ्या

माझ्या वडिलांना, आबांना मी मारलं. तेव्हा ते सत्तरीपुढचे होते.

डॉक्टरांनी आबांच्या मधुमेहाच्या गोळीचं, कंपनीचं नाही तर औषधाचं मूळ नाव चिठ्ठीवर लिहून दिलं होतं आणि जेनेरिकच्या दुकानातून घ्या म्हणाले होते. जळगावातल्या दुकानदाराने पट्टी हातात ठेवत बजावलं, "भाऊ, घरात चालू आहे तीच ही. ही सुरू केली की जुनी बंद करा." मी मान डोलावली. पण किंमत ऐकून मनात शंका आली. इतक्या स्वस्त गोळीत जोर तो किती असणार? जुनी पट्टी अजून शिल्लक होती. उद्यापासून दोन्ही देऊ, असं मी ठरवलं. विचारलं कुणालाच नाही.

चौथ्या दिवशी दुपारी असोद्याला घरी पोचलो, तर अंगणातून शिव्या ऐकू आल्या. आबा घामाने भिजून झोकांड्या खात होते. जीभ जड झाली होती. बायको दाराशी बसली होती, कपाळातून रक्त गालावर उतरत होतं.

"आबांनी तांब्या फेकला," ती म्हणाली. "मी जेवायला बोलवायला गेले तर."

आबांनी दारू सोडून वीस वर्षं झाली होती. त्याआधी ते आईला आणि मला आसुडाने मारायचे. त्या झोकांड्या, ती जड जीभ मला लहानपणापासून पाठ होती. तोंडाचा वास घ्यावा, एवढंही सुचलं नाही. मी थोबाडीत दिली. ते माझ्या अंगावर आले, दंडाला चावले. मग मी बुक्की मारली. दात हलला, ओठ फाटला. खाली पाडून छातीवर गुडघा दिला आणि गोठ्यातलं दावं आणून हात खाटेला बांधले. बांधून झाल्यावरही दोनदा मारलं.

"सोडा त्यांना! डोळे बघा!" बायको किंचाळली.

डोळे पांढरे झाले होते. अंग ताठलं, तोंडाला फेस आला. दाव्याची गाठ मीच इतकी आवळली होती की विळ्याने कापावी लागली.

दवाखान्यात बोटाला सुई टोचून रक्त बघितलं आणि लगेच शिरेतून ग्लुकोज सुरू केलं. डॉक्टरांनी गोळ्या मागितल्या. मी दोन्ही पट्ट्या पुढे केल्या.

"अहो, हे एकच औषध आहे. दुप्पट दिलंत. साखर पार खाली गेली, म्हणून ते असे वागले."

आबा शुद्धीवर आले तेव्हा खोलीत मी एकटाच होतो. बायकोच्या कपाळाला टाके घालत होते. आबांनी सुजलेल्या ओठावरून जीभ फिरवली.

"मी पिलो व्हतो का रे?"

त्यांनी हात जोडले. मनगटांवर दाव्याचे वळ होते.

"चुकलो भो. माफ कर."

"जाऊ द्या आबा," मी म्हणालो. हो, असं म्हणालो.

दारात बायको पट्टी बांधून उभी होती. ती म्हणाली, "आबा, तुम्ही पिले नव्हते. यांनी दोन-दोन गोळ्या दिल्या."

आबांनी जोडलेले हात सोडले. माझ्याकडे बघितलं.

"मंग मले मारलं कायले?"

आता पट्टी एकच असते, जेनेरिकची, आणि त्यांची साखर आटोक्यात आहे. पट्टीवरचं बारीक नाव मी दर वेळी वाचतो. सकाळी गोळी घेऊन जवळ गेलो की आबा मूठ मिटून घेतात.

"ठेव तिथं. सूनबाई दील."