हेब्बाळचं गेट

काहीही विचारा, अण्णा आधी एक बोट वर करायचे. "स्वल्प थांबा," म्हणायचे, चिंधीला हात पुसायचे आणि मगच उत्तर द्यायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. घाईच्या माणसाला ती छळतात, आणि मी घाईचा माणूस.

बेळ्ळंदूरच्या नोकरीला कंटाळून मी एक सहल सुरू केली होती. या शहरातल्या एका गाजलेल्या बँडच्या गाण्यांतल्या जागा चाहत्यांना दाखवायच्या. त्यांच्या गायकाचं लहानपण पीण्या या कारखान्यांच्या वस्तीत गेलं. आई कारखान्यात कामाला, म्हणून शाळा सुटली की पोरगा शेजारी अण्णांच्या छोट्या वर्कशॉपच्या शेडमध्ये बसायचा. तिथल्या पत्रा ठोकणाऱ्या प्रेस मशीनच्या ठेक्यावर डबा वाजवायचा. त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याची सुरुवात म्हणजे तोच ठेका. हे सगळं मला अण्णांनी सांगितलं, आणि मी ते स्वतःचं संशोधन म्हणून खपवत होतो.

त्याहून वाईट म्हणजे, पीण्याला जाण्यात सकाळ खलास होते म्हणून मी हेब्बाळला एका बंद वर्कशॉपचं गंजकं गेट हेरलं आणि सांगू लागलो, हीच ती शेड. लोक गेटला हात लावायचे. काहींचे डोळे भरून यायचे.

अण्णांना यातलं काही ठाऊक नव्हतं. लोकांनी एकदा ते मशीन ऐकावं, एवढीच त्यांची इच्छा. त्यांनी आम्हाला खंडेनवमीला बोलावलं. त्यांच्या घराण्यात त्या दिवशी पूजा झाली की मशीनला कोणी हात लावत नाही.

"पण पोराच्या गाण्यासाठी एकदा चालवतो," म्हणाले. "देव समजून घेईल. तुम्ही लोकांना आणा."

मी त्यांच्याच कानडीत "सरी, आणतो" म्हटलं.

त्या दिवशी रस्ते तुंबलेले. मी बस हेब्बाळलाच थांबवली. अण्णांचे तीन फोन आले, मी उचलले नाहीत. आम्ही हेब्बाळवरून येणार हे मीच त्यांना सांगितलं होतं. वाटेत अडकलो असू, असं समजून ते सिटी बसने आम्हाला न्यायला आले. मी गेटपाशी उभा राहून रंगात येऊन बोलत होतो. गर्दीच्या मागे अण्णा दिसले. धुतलेला शर्ट, कपाळाला कुंकू. किती ऐकलं होतं कोण जाणे.

एका मुलीने त्यांच्या हातात मोबाईल दिला. "अंकल, आमचा ग्रुप फोटो काढता?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्या खऱ्या शेडचे मालक हेच, एवढं तरी मी लोकांना सांगू शकलो असतो. मी म्हणालो, "काढा ना अण्णा."

"स्वल्प थांबा," म्हणत त्यांनी शर्टाला हात पुसले आणि फोटो काढला. मोबाईल परत देताना म्हणाले, "सगळे आलेत. बघून घ्या." मग स्टॉपकडे चालू लागले. मी हाकही मारली नाही.

पुढे तोंड दाखवायची लाज वाटली. सहा महिन्यांनी गेलो, तर शेडमध्ये दुसऱ्या कोणाचे खोके रचलेले. अण्णा संक्रांतीच्या सुमारास वारले, असं शेजारच्या लेथवाल्याने सांगितलं. खंडेनवमीला परत आल्यावर मशीनला हात न लावताच त्यांनी शटर ओढलं होतं, हेही.

सहल मी बंद केली. त्या मुलीने पाठवलेला तो फोटो मात्र आहे. खोट्या गेटसमोर आम्ही सगळे हसतोय. कोपऱ्यात अण्णांचं बोट आलंय, पुसूनही न गेलेल्या कुंकवाचं.