गायडोंगरीच्या पाकोळ्या आणि एक दरवाजा

नाव : सुकलू पोचू हलामी. राहणार : उंबरटोला, तालुका कुरखेडा, जिल्हा गडचिरोली. वय : आधार कार्डानुसार चव्वेचाळीस; थोरल्या मुलीच्या वयावरून हिशेब केल्यास पन्नाशीच्या पुढे. पद : हंगामी संरक्षण मजूर (अकुशल). कार्यक्षेत्र : गायडोंगरी येथील नैसर्गिक गुहा, एक नग. कर्तव्य : सदर गुहेतील वटवाघळांचे रक्षण करणे. दिलेले साहित्य : शिट्टी एक, बॅटरी एक (सेलविरहित), नोंदवही एक. शेरा : कर्मचारी विश्वासू असून नोंदी वेळच्या वेळी घेतो.

या शेऱ्यातले पहिले तीन शब्द खरे होते. पुढचेही खोटे नव्हते. नोंदी वेळच्या वेळीच होत. त्यांत लिहिलेलं खरं असतं की नाही, याबद्दल शेऱ्यात काही म्हटलेलं नाही.

उंबरटोल्यात वटवाघूळ म्हणजे वडाला उलटं टांगलेलं, फळं खाणारं मोठं जनावर. गुहेतल्या मुठीएवढ्या, किडे खाणाऱ्या जातीला तिथं पाकोळी म्हणतात. माघ-फाल्गुनात गावातली माणसं गुहेत जाऊन पाकोळ्यांच्या लेंड्या पोत्यात भरून आणत आणि धानाच्या पऱ्ह्यांना, म्हणजे रोपांना, घालत. जेठ लागला की मात्र गुहेत पाय ठेवायचा नाही, ते थेट पोळ्यापर्यंत. त्या दिवसांत माद्यांच्या पोटाला पिल्लं असतात. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो पाळला जात असे.

दिव्यानी दुर्गे तीन वर्षांपूर्वी तिथं आली. मूळची चंद्रपूरची, वटवाघळांवर पीएचडी करणारी. डोंगरात वरच्या अंगाला दुसरी एक मोठी गुहा आहे; तिला तीच बघायची होती, आणि वाट दाखवायला कोणीतरी हवं म्हणून सुकलू. संध्याकाळी जाळीत सापडलेली पाकोळी ती हातमोज्यात धरी, पुढच्या हाताचं हाड मिलिमीटरमध्ये मोजी, नाकावरचं पानासारखं कातडं भिंगाखाली बघी आणि उडवून देई. त्या पानातूनच ही पाकोळी आवाज काढते आणि तो आदळून परत आला की अंधारात वाट काढते, असं तिनं सुकलूला सांगितलं. माणसाच्या कानाच्या सहापट वरचा तो आवाज तिच्या यंत्राला ऐकू येई. दोन्ही गुहांतल्या पाकोळ्या एकाच जातीच्या, असं गेल्या शंभर वर्षांचं पुस्तकी मत होतं.

"एक नाई त्या," सुकलू एकदा म्हणाला.

"कशावरून, भाऊ?"

"लेंड्यावरून. वरच्या गुहेतल्या लेंडीत भुंगेऱ्याचं टरफल भेटते. हे खालची फक्त पतंग खाते. बोडीतल्या पाण्यावर, धानावर फिरते, भुंगेऱ्याले तोंड नाई लावत. आमी खत इथलंच काऊन नेतो मंग?"

दिव्यानीनं दोन्हीकडच्या लेंड्या डबीत भरल्या. मग नाकं नीट पाहिली. वरच्या पाकोळ्यांच्या नाकपानाला दोन्ही बाजूंनी तीन-तीन चुण्या होत्या, गायडोंगरीच्या पाकोळ्यांना दोन-दोन. आवाजाची पट्टीही निराळी. पंखाच्या कातड्याचे टाचणीच्या डोक्याएवढे तुकडे प्रयोगशाळेत गेले आणि वर्षभरानं उत्तर आलं, की ही जातच वेगळी आहे. एकाच गुहेतली, आणखी कुठं असल्याची माहिती नाही. चैत्रातली संख्या : तीनशे बारा.

नाव छापून यायला अवकाश होता, पण बातमी छापून आली. त्याबरोबर गायडोंगरीला प्रकल्प कार्यालय, फलक आणि गुणवंतराव मिळाले. गुणवंतराव हे प्रकल्पाचे क्षेत्र सहायक. माणूस वाईट नव्हता. मजुरांना चहा पाजायचा, कोणाच्या घरी कोण आजारी आहे हे लक्षात ठेवायचा, आणि लेखी कागदाला देवासारखा भ्यायचा. सुकलूला मजुरीवर ठेवणारा तोच. कायम करण्याच्या यादीत त्याचं नाव घालणाराही तोच.

संरक्षण करायचं तर दरवाजा हवा. दिव्यानीनं चित्र काढून दिलं : आडवे गज, दोन गजांत वीतभर फट, म्हणजे माणूस अडेल आणि पाकोळी जाईल. चित्र वर गेलं. वरून विचारणा आली की एवढ्या फटीतून साळिंदर आत गेल्यास जबाबदारी कोणाची. तेव्हा गजांवर आतून कोंबड्याच्या खुराड्याला लावतात तसली बारीक जाळी ठोकण्यात आली. दिव्यानी तेव्हा हैदराबादेत प्रयोगशाळेत होती. दरवाजाबरोबर आदेशही आला. तो पर्यटनाच्या फाटकांसाठीचा ठरीव मसुदा होता. त्यात फक्त जागेचं नाव बदललं होतं. प्रवेशद्वार अभ्यागत असल्यासच सूर्योदयानंतर उघडावे व सूर्यास्तास कुलूपबंद करावे.

सुकलूनं आदेश गुणवंतरावांकडून दोनदा वाचून घेतला.

"साहेब, पाकोळी तं सांजेलेच निंगते."

"निघू दे ना. तू फक्त कुलूप लाव."

"कुलूप लावल्यावर निंगन कुठून?"

गुणवंतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मी वर लिहितो," ते म्हणाले. आणि त्यांनी खरंच लिहिलं. दिव्यानीनंही लिहिलं. 'सूचनेची नोंद घेण्यात आली आहे,' असं दोघांनाही उत्तर आलं. नोंद घेण्यात आली होती, दुसरं काही घेण्यात आलं नव्हतं.

मग सुकलूनं आपल्यापुरता तोडगा काढला. दिवसभर दरवाजा बंद. तशाही पाकोळ्या झोपलेल्या. सूर्य गायडोंगरीच्या मागे गेला की तो कुलूप काढी, पल्ला दगड लावून उघडा ठेवी आणि मोहाच्या मुळीवर बसून मोजी. पहाटे सगळ्या परतल्या की पुन्हा कुलूप. नोंदवहीत मात्र रोज एकच ओळ : 'सूर्यास्तास दरवाजा बंद केला. सर्व ठीक.' फोनवर दिव्यानीला त्यानं हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आदेश बदलेपर्यंत असंच करा, भाऊ." नोंदवहीत अशा एक्केचाळीस ओळी झाल्या.

जेठात पिल्लं झाली. एका मादीला एकच. पाकोळीच्या ह्या कुळात मादीच्या पोटाशी खाली दोन खोटे सड असतात, दुधाचे नव्हेत, नुसते धरायचे. पिल्लू ते तोंडात पकडून आईच्या पोटाला उलटं चिकटतं. सुकलू दारातूनच बघे. आत जात नसे.

जूनच्या पाच तारखेला, पर्यावरण दिनी, चंद्रपुरात सत्कार ठरला. स्थानिक संरक्षक म्हणून सुकलूचं नाव होतं. बदली म्हणून सावली तालुक्यातला प्रफुल आला. चाळिशीचा, नाकासमोर चालणारा, कपाळाला टिळा, डब्यात लोणच्याची फोड. जाताना सुकलूनं त्याला सगळं सांगायचं ठरवलं होतं. पण प्रफुलच्या हातात नवीकोरी नोंदवही होती आणि खिशाला दोन पेन.

"कुलूप सांजेले जराक उशिरा लावजो," सुकलू एवढंच म्हणाला.

"किती उशिरा?"

"पाकोळ्या जाऊन आल्यावर."

"आदेशात तं सूर्यास्त लिहिलं आहे."

"हाव. लिहिलं तं आहे."

एका रात्रीचा प्रश्न होता. एक रात्र पाकोळी उपाशी राहू शकते.

पाच तारखेला प्रमुख पाहुणे आले नाहीत. कार्यक्रम सहावर गेला, मग आठवर. सत्कारमूर्तींना एका सभागृहात गाद्या टाकून दिल्या होत्या, जेवणाची सोय उत्तम होती, रोज पुरी. सहा तारखेला सुकलूनं गुणवंतरावांना गाठलं.

"साहेब, मले जाऊ द्या."

"सत्कारमूर्तीच गेला तर शाल काय खुर्चीला घालू?"

"मंग प्रफुलले सांगा, सांजेले दरवाजा खोल म्हणा."

"काऊन? तू तर रोज बंदच करतोस ना? वहीत तसंच आहे."

इथं बोलायला हवं होतं. सुकलूला ते तेव्हाही कळत होतं. पण कायम करायची यादी त्याच फायलीत, ती फाईल साहेबांच्या काखेत, आणि साहेब नातेवाइकासारखं बघत होते. "हाव जी," तो म्हणाला.

मग त्यानं गावातल्या शेजाऱ्याच्या फोनवर बायकोला, सोमारीला, निरोप दिला. डोंगरावर फोन लागत नाही. सात तारखेच्या संध्याकाळी सोमारी दोन कोस चढून गेली. आतून जाळीवर पंखांची फडफड ऐकू येत होती, वाळलेली पानं वाऱ्यानं घासावीत तशी.

"माह्या माणसानं सांगितलं, खोल म्हणून."

"लेखी आहे का, बाई?"

"तुह्या कानाले आयकू नाई येत का रे, भल्या माणसा?"

"येते ना. पन कानाचं वहीत कसं लिहू?"

तिनं कुलपावर दगड घातला. प्रफुलनं तिचा हात धरला नाही, तो नुसता कुलपापुढं उभा राहिला आणि म्हणाला, "माही नोकरी आहे, बाई." दुसरा दगड तिला घालवला नाही. सुकलूचीही नोकरीच होती.

आठ तारखेला शाल मिळाली, एक रोपटं मिळालं, फोटो झाला. नऊ तारखेला सकाळी सुकलू रोपटं घेऊन डोंगर चढला. प्रफुल दगडावर बसून डबा खात होता.

"या, भाऊ. सगळं ठीक आहे," तो हसून म्हणाला. "चार राती झाल्या, एक बी पाकोळी बाहेर जाऊ नाई देली."

सुकलूनं विचारलं, आवाज करत होत्या का.

"पह्यल्या तीन राती लय धडपडल्या. मंग सवय झाली त्याईले, जाळीलेच लटकून झोपते आता."

कुलूप निघालं. पल्ला जड झाला होता. जाळीच्या आतल्या अंगाला पाकोळ्या अंगठ्याच्या नखांनी अडकून तशाच वाळल्या होत्या, एकीवर एक. काही माद्यांच्या पोटाशी पिल्लं अजून खोटा सड तोंडात धरून होती; त्यातली दोन-चार हलत होती. खाली पाय ठेवायला जागा नव्हती. जेठात गुहेत पाय न ठेवण्याचा नियम सुकलूनं त्या दिवशी मोडला. आत, छताच्या फटीत काही जिवंत होत्या. दार उघडल्याचा उजेड आणि वारा येताच त्या बाहेर पडल्या, भर उन्हात. तेवीस. बोडीकडं गेल्या. वाटेत कोतवाल पाखरांनी आणि शिक्र्यानं किती घेतल्या ते त्याला मोजता आलं नाही. संध्याकाळी तो मोहाच्या मुळीवर बसला. परत एकही आली नाही.

प्रफुलनं डबा बंद केला. "मरतीन म्हणून मले कोणी सांगितलंच नाई," तो शेवटी म्हणाला. ते खरं होतं.

चौकशी झाली. उष्माघात किंवा अज्ञात रोग, असा प्राथमिक निष्कर्ष निघाला. दरवाजाचा प्रश्नच नव्हता, कारण वहीप्रमाणे एक्केचाळीस रात्री दरवाजा सूर्यास्ताला बंद होता आणि एक्केचाळीस रात्री सर्व ठीक होतं. गुणवंतरावांनी सुकलूला ते वाचून दाखवलं.

"खोटं आहे ते, साहेब. मी रोज खुल्ला ठेवत होतो."

गुणवंतरावांनी आधी दार लोटून घेतलं. "सुकलू, लिहून देशील तर तू खोटी नोंद केली असं होते. नुसतं तोंडानं सांगशील तर कोणी सांगितलंच नाही असं होते. मी काही ऐकलं नाही. घरी जा. यादी पंधरा दिवसांत निघते."

सुकलू घरी गेला. चार दिवस तो पऱ्ह्यांच्या बांधावर बसून होता. यादी निघणारच होती, आणि तीनशे बारा पाकोळ्या काही कागदानं परत येणार नव्हत्या. पण गुणवंतरावांनी जाता जाता आणखी एक सांगितलं होतं : प्रयोग यशस्वी झाल्यामुळे तसलाच दरवाजा वरच्या गुहेलाही मंजूर झाला आहे. तिथं सातशेच्या वर आहेत. भुंगेरे खाणाऱ्या, साध्या जातीच्या. त्यांची बातमी कोणी छापणार नव्हतं.

पाचव्या दिवशी त्यानं दिव्यानीला बोलावलं. तो सांगत गेला, ती लिहीत गेली. खाली त्यानं सही केली. ती स्वतःचंही निवेदन जोडत होती. "यात माझीही चूक आहे, भाऊ," ती म्हणाली. "तुम्ही दरवाजा उघडा ठेवता, हे मी तेव्हाच लेखी द्यायला हवं होतं."

"देलं असतं तं मले तेव्हाच काढलं असतं," सुकलू म्हणाला. "मंग दरवाजा तेव्हाच बंद झाला असता."

उत्तर दिवाळीच्या आधी आलं. दोन पत्रं होती, एकाच तारखेची, एकाच सहीची. पहिल्यात म्हटलं होतं की हंगामी मजूर सुकलू हलामी यानं शासकीय नोंदवहीत एक्केचाळीस खोट्या नोंदी केल्याचं त्याच्याच कबुलीवरून सिद्ध झाल्यानं त्याचं काम थांबवण्यात येत आहे. दुसऱ्यात म्हटलं होतं की दरवाजाबाबतचं निवेदन विचारात घेता येत नाही. नोंदवहीतल्या नोंदी त्या त्या दिवशी घेतलेल्या असल्यानं अधिक विश्वासार्ह आहेत. संशोधक त्या काळात प्रत्यक्ष हजर नव्हत्या.

वरच्या गुहेचा दरवाजा दहा नोव्हेंबरला बसला. त्या दिवशी सूर्यास्त साडेपाचला होता. तिथल्या पाकोळ्या सहाला निघतात.