बाईंचे ओठ

शाळेत तिला सगळे वाचनबाई म्हणत. हुद्दा नव्हे हो, नुसतं नाव. इंग्रजी वाचताना अडणारी मुलं वर्गातून एकेक करून तिच्याकडे यायची आणि खडू-नकाशांच्या खोलीत, समोरासमोर मांडलेल्या दोन खुर्च्यांवर हा उद्योग चालायचा. अठरा वर्षं तेच पुस्तक, तेच अडणं. आताशा तर पोरानं तोंड उघडण्याआधीच तिला जांभई यायची.

त्या सोमवारी तिची दाढ काढून दोनच दिवस झाले होते. गाल टम्म फुगलेला. "डॉक्टरांनी तोंड बंद ठेवायला सांगितलंय," सकाळी नवरा म्हणाला, "तुला झेपेल ना?" एरवी तिनं चांगलं सुनावलं असतं. पण अंगात त्राणच नव्हतं. नाकापर्यंत स्कार्फ गुंडाळून ती शाळेत गेली.

पहिली आली मुंगी. पोरगी एवढीशी, पण सदा लगबगीत, म्हणून मुंगी. शुक्रवारी तिची परीक्षा होती. मोठ्या बाई स्वतः एक पान वाचून घेणार. जमलं तर पुढचा वर्ग, नाही तर पुन्हा हाच. वाचनबाईला घोर नव्हता. मुंगी महिनाभर घडाघडा वाचत होती. तिच्या आईलाही तिनं छातीठोकपणे सांगितलं होतं, "वाचायला लागली हो तुमची लेक!"

मुंगीनं पुस्तक उघडलं, बाईकडे पाहिलं आणि गप्प बसली.

"वाच की गं."

पुन्हा वर पाहिलं. पुन्हा गप्प. 'विंडो' येईना, 'बकेट' येईना. वाचनबाई वैतागली. "अगं, काल-परवा तर येत होतं! आज काय झालं?"

"बाई, तो स्कार्फ काढा ना," मुंगी रडवेली होऊन म्हणाली. "तुमचं तोंड दिसत नाही."

वाचनबाईला आधी काही उमगेना. मग उमगलं. पोर अडलं की तो शब्द तिच्या ओठांवर आपसूक यायचा. आवाज नाही, नुसते ओठ हलायचे, जरासा श्वास सुटायचा. अठरा वर्षांच्या कंटाळ्यानं लागलेली खोड! आणि पोरं पुस्तक सोडून तिच्या तोंडाकडे बघत वाचत होती. "तुमच्याकडे वाचतो, वर्गात मात्र मुका," असं शिक्षक कितीदा म्हणाले होते. ती त्यांनाच नावं ठेवायची. किती पोरं अशी गेली असतील, देव जाणे. तिला स्वतःची शिसारी आली.

मधल्या सुट्टीत ती मोठ्या बाईंकडे गेली. सगळं सांगितलं. "तिच्या परीक्षेला महिनाभर थांबाल का?"

"एकीसाठी थांबले तर सगळेच येतील," मोठ्या बाई म्हणाल्या. त्याही दमलेल्याच होत्या.

मग चार दिवस वाचनबाई मुंगीच्या पाठीमागे बसली. मुंगी मान वळवायची, रुसायची, एकदा तर तिनं पुस्तकच आपटलं. एकेका शब्दाला घाम फुटायचा. वाचनबाईनं ओठ दाताखाली धरून ठेवले. गप्प बसणं एवढं जड जाईल असं तिला वाटलं नव्हतं.

शुक्रवारी मुंगीनं चार ओळी वाचल्या. पान होतं वीस ओळींचं.

संध्याकाळी फाटकाशी मुंगीची आई उभी होती. कामावरून तशीच आलेली, डोळे लाल. "बाई, तुम्हीच म्हणाला होतात, ती वाचायला लागली. मी अख्ख्या घराला सांगितलं. आता पोरीला काय सांगू? तिनं अभ्यास केला नाही म्हणू?"

घसा बसलाय, सोमवारी बोलू, असं सांगून सटकता आलं असतं. ते तोंडाशी आलंही होतं.

"तिला काही बोलू नका," वाचनबाई म्हणाली. "महिनाभर ती वाचतच नव्हती. मीच वाचत होते. आजच्या चार ओळी तेवढ्या तिच्या."