म्हैसूरला, दादाच्या बोटांसाठी

मिरजेहून आदल्या दुपारी निघालेली आमची गाडी सकाळी म्हैसूरला पोहोचली. स्टेशनाबाहेर बायका मोगऱ्याचे गजरे हातावर मोजून विकत होत्या. आठ-नऊ महिन्यांपूर्वी आम्ही इथेच उतरलो होतो, पण तेव्हा दादाचा उजवा हात गळ्यातल्या झोळीत होता आणि शहराकडे माझं लक्षच नव्हतं. या खेपेला सगळं नीट पाहायचं ठरवून आले होते. या खेपेला बातमी चांगली असणार होती.

दादा माझा थोरला भाऊ. विट्यात खिडक्यांना काचा बसवायचा. त्याने नववीत शाळा सोडली, म्हणून मी एम.एस्सी.पर्यंत पोहोचले. त्याआधी आमच्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. गेल्या वर्षी एक काच निसटली आणि त्याच्या मनगटातला मज्जातंतू तुटला. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झाली. तुटलेल्या टोकांमध्ये अंतर पडलं होतं. अशा जागी एक बारीक नळी बसवतात. तिच्या आधाराने तंतू हळूहळू पुढे वाढतो आणि काम झालं की नळी शरीरातच विरघळून जाते, हे मी वाचलं होतं. ती सोय म्हैसूरच्या एका रुग्णालयात आहे, हे मीच शोधलं. दादाला मीच आणलं, नळी बसवून घेतली. तंतू वाढेल तशा मुंग्या पुढे सरकतात, म्हणून नंतर दर रविवारी फोनवर विचारायचे, "मुंग्या कुठवर आल्या?"

"तळव्यापर्यंत."

पुढे, "बोटाच्या मुळापर्यंत."

ते मी भेटेल त्याला सांगायचे.

बोगादीत भाड्याच्या खोलीवर सामान टाकलं आणि नाश्त्याला गेलो. डोशाला आतून लाल चटणी फासलेली होती. मग कॉफी आली. "बिसी, बिसी (गरम)!" वेटर ओरडला. दादाने उजव्या हाताने स्टीलचा पेला उचलला आणि तसाच धरून ठेवला. बोटांची टोकं लालबुंद झाली.

"दादा, भाजेल!"

"कळतंय की गं. गरमच बरी लागती."

मी विश्वास ठेवला.

तपासणी दुपारी होती. तोवर मंडी मोहल्ल्यात फिरलो. मिरच्यांच्या गोण्या ओलांडत जाताना दादा एका काचेच्या दुकानापुढे थबकला. आत एक म्हातारे गृहस्थ काचेवर कापायचा हिरा ओढत होते.

"बघ वैशे, हात किती हलका आहे. चीर नीट गेली का नाही, ते बोटाला कळतं."

म्हाताऱ्यांनी हसून हिरा त्याच्यापुढे केला.

"बेडा, बेडा (नको)," दादा म्हणाला. गेल्या खेपेला तो एवढंच कन्नड शिकला होता.

रुग्णालयात तपासणी करणाऱ्या मंजुळाबाई म्हैसूरच्याच मराठी निघाल्या. त्यांचे पूर्वज राजाच्या फौजेत होते. "आमचं मराठी असलंच हं, घरापुरतं," त्या हसून म्हणाल्या. "बसा अण्णा. ऊट (जेवण) झालं काय? आता डोळे मिटा. मी हा दोरा बोटाला लावते. लागलं की हो म्हणायचं. सुम्मने (उगाच) हो म्हणायचं नाही, आयता (कळलं ना)?"

"म्हणजे परीक्षाच की. आमच्यात परीक्षा ही देती," माझ्याकडे बोट करत दादा म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

या वेळी बोटांत काहीच संवेदना परतली नसेल तर पुढे फारशी आशा धरू नका, असं डॉक्टरांनी मागेच सांगितलं होतं.

दोरा आधी करंगळीला लागला. "हो." मग तर्जनीला. "हो." अंगठ्याला. "हो." मला हसू फुटलं. तेवढ्यात बाईंनी हात उचलला आणि दोरा नुसता हवेत धरला.

"हो," दादा म्हणाला. थोडं थांबून पुन्हा, "हो. लागलं."

दोरा कशालाच लागलेला नव्हता. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"दादा, डोळे उघड."

त्याने उघडले. हवेतला दोरा पाहिला. "करंगळीचं खरं होतं," तो म्हणाला.

"आणि मुंग्या?"

"एकदा आल्यासारख्या वाटल्या होत्या. मग तू एवढी खुशीत आलीस, गावभर सांगत सुटलीस. तू वाचलेलं खोटं कसं पाडू?"

"ताईंनी वाचलं ते खोटं नाही अण्णा," मंजुळाबाई म्हणाल्या. "पुष्कळांना लागू पडतं. तुम्हाला नाही पडलं." मग त्यांनी कागदावर त्या तीन बोटांपुढे आडव्या रेघा मारल्या.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत बसलो. नळी कशी बसवतात, कशी विरघळते, सगळं मी त्याला चित्रं काढून समजावलं होतं. पण दर रविवारी प्रश्न विचारताना उत्तर मी आधीच ठरवलेलं असायचं. त्याचे उपकार फेडायची मला घाई झाली होती. इतके महिने तो बधिर बोटं घेऊन वावरत होता आणि वर माझा आनंदही सांभाळत होता.

पुढच्या सकाळी बेळगाव गेल्यावर समोरच्या मावशींनी त्याच्या मनगटावरच्या व्रणाकडे पाहून विचारलं, "दवाखान्याला गेला होता व्हय? पडला का फरक?"

दादाने माझ्याकडे पाहिलं.

"नाही पडला, मावशी," मी म्हणाले.

 दादाने पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली.

"वैशे, झाकण उघड की जरा. आजवर दातानं उघडत होतो."